छपराखालचे सर्व जीव

मुलुंड पूर्वेच्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर ‘कुत्रा’ हा शब्द बंद करण्यात आला. घोषणा डॉ. चंद्रप्रकाश ठोसर यांनी केली. ते दवाखान्याचे संस्थापक, मुख्य शल्यचिकित्सक आणि त्या सकाळपासून ‘परिवारप्रमुख’. घोषणा ऐकायला त्यांची सहायक डॉ. दर्शना साळवे होती, फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या आणि टेबलावर एक पामेरियन होता. त्याला त्या वेळी मागून थर्मामीटर लावलेला असल्यामुळे त्याचं घोषणेकडे फारसं लक्ष नव्हतं.

“कुत्रा म्हणायचं नाही, मग म्हणायचं काय सर?” दर्शनाने विचारलं.

“नाव. पूर्ण नाव. नावात सन्मान असतो, दर्शना.”

हे तेच डॉ. ठोसर, ज्यांची ‘कोणाचं कुत्रं आहे रे हे? आण आत!’ ही आरोळी समोरच्या रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जायची. त्यांचा हात इतका सफाईदार की बोरिवलीहून लोक कुत्री घेऊन मुलुंडला यायचे, आणि जीभ इतकी धारदार की जाताना रुसून जायचे. पण होळीच्या सुमारास ते अंधेरीच्या एका हॉटेलात ‘सहचर प्राण्यांशी सन्मानपूर्ण संवाद’ या विषयावरच्या परिषदेला गेले आणि गळ्यात ओळखपत्र, हातात कापडी पिशवी व चेहऱ्यावर करुणा घेऊन परतले. पिशवी आणि ओळखपत्र लवकरच कपाटात गेलं. करुणा मात्र उतरेना.

दवाखान्याची पाटी बदलली. ‘ठोसर डॉग क्लिनिक’ जाऊन ‘स्नेहांकुर सहचर जीव परिवार’ आलं. रस्त्याने जाणाऱ्यांना हा अनाथाश्रम वाटला आणि काही सज्जन जुने कपडे देऊन गेले. आत, वजनकाट्याच्या वर, एक चौकट लागली: ‘या छपराखालील प्रत्येक जीवास त्याच्या पूर्ण नावाने संबोधण्यात येईल.’ मावशींनी स्टुलावर चढून खिळा ठोकला. डॉ. ठोसरांनी खालून ‘जरा डावीकडे, जरा डावीकडे’ असं मार्गदर्शन केलं.

मग बाकीची भाषाही सुधारावी लागली. मालक गेले, ‘पालक’ आले. पिंजऱ्याला ‘विश्रांतिकक्ष’ म्हणायचं ठरलं, पट्ट्याला ‘स्नेहबंध’. नसबंदीचं ऑपरेशन हे इथून पुढे ‘ब्रह्मचर्यप्रवेश’. लठ्ठ कुत्र्याला ‘भरपूर प्रेम लाभलेला’ आणि चावऱ्याला ‘ठाम मतांचा’ म्हणायचं. एका ठाम मतांच्या डॉबरमनने दर्शनाच्या अंगठ्यावर मत नोंदवलं, तेव्हा टाके घालता घालता डॉ. ठोसर तिला समजावत होते की यात वैयक्तिक काही नसतं. चुकून कोणी ‘कुत्रा’ म्हणालंच, तर त्याने पालकांसमक्ष रुग्णाची माफी मागायची. दर्शनाने एका पगची अशी रीतसर माफी मागितली. पग घोरत होता, पण पालकांचे डोळे भरून आले.

नियमाची अडचण अशी की तो एकदा भिंतीवर लागला की त्याचा अर्थ लावावा लागतो. चैत्र संपायच्या आत नितेश आणि दिशा परुळेकर हे जोडपं त्यांचा लॅब्रॅडॉर घेऊन आलं. रुग्णाचं नाव अनय नितेश परुळेकर. भरपूर, अगदी ओसंडून प्रेम लाभलेला. त्याचं रीतसर बारसं झालं होतं. आत्याने कानात कुर्र केलं, तेव्हा त्याने आत्याच्या कानातलं डूल खाल्लं होतं, ही आठवण नितेश कौतुकाने सांगत असे. दिशाने बसता बसता दर्शनाला विचारलं, “साळवे म्हणजे नेमके कुठले तुम्ही?”

“मुलुंडचेच,” दर्शना म्हणाली आणि अनयचा कान उलटा करून बघू लागली. कानात गोचिडी होत्या. पोटाखाली होत्या, बोटांच्या बेचक्यात होत्या.

“सर, चौकटीप्रमाणे ह्यांनाही नावं लागतील,” दर्शना गंभीरपणे म्हणाली. तिला वाटलं, आता तरी सर हसतील.

सर हसले नाहीत. ते विचारात पडले. थोड्या वेळाने त्यांनी निर्णय दिला की गोचिडी अनयच्या अंगावर राहतात, म्हणून त्या परुळेकर कुटुंबाच्या आश्रित आहेत आणि त्यांची नावं ठेवणं ही पालकांची जबाबदारी आहे. मात्र ट्यूबलाइटमागची पाल निर्विवाद दवाखान्याची. परिवारप्रमुखांनी मोठ्या मनाने तिला स्वतःचं आडनाव दिलं. ट्यूबलाइटच्या शेजारी एक छोटी पाटी लागली: ‘कु. मनोरमा चंद्रप्रकाश ठोसर’. ही पाटी सौ. ठोसरांच्या नजरेला पडल्यावर डॉक्टरांचा डबा घरून यायचा बंद झाला. त्या आठवड्यात ते मावशींच्या डब्यातली भाकरी आणि सुकट खाऊन राहिले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. कोणाचं काही अडलं नव्हतं. मग आंबे आले.

भर दुपारी परुळेकरांची गाडी दवाखान्यासमोर थांबली. अनयला चादरीत घालून आणलं होतं. दोन कोपरे नितेशने धरले होते, एक दिशाने, आणि चौथा धावत जाऊन मावशींनी धरला. एरवी दारातूनच सगळ्यांना चाटत येणारा तो धिप्पाड प्राणी डोळे अर्धवट मिटून पडला होता. कालपासून उलट्या, पोटात पाणी ठरत नव्हतं. दर्शनाने त्याच्या पोटावर हात ठेवला आणि बोटांना काहीतरी टणक लागलं.

“काय गिळलंय कुत्र्...” ती म्हणाली आणि जीभ चावून थांबली. “अनय नितेश परुळेकर यांच्या आहारात काही बदल?”

“काहीच नाही,” दिशा म्हणाली. “आणि डॉक्टर, तो खाली पडलेलं उचलत नाही हां. तसले संस्कारच नाहीत त्याच्यावर.”

“डूल?”

“तेव्हा लहान होता ना तो!”

 नितेश मनोरमाकडे टक लावून बघत होता.

सोनोग्राफीत उत्तर दिसलं. आंब्याचा बाठा. चांगला मोठा, आतड्यात आडवा बसलेला. दर्शनाने डॉ. ठोसरांना बाजूला घेतलं. “सर, बाठा गिळलाय. संध्याकाळपर्यंत थांबलो तर आतडं फाटेल. आत्ता उघडलं तर वाचेल.”

“वाचवायचाच आहे,” डॉ. ठोसर म्हणाले. “पण ‘गिळलाय’ म्हणू नकोस. आरोप केल्यासारखं वाटतं.”

“मग काय म्हणू?”

डॉ. ठोसरांनी क्षणभर डोळे मिटले आणि ते परुळेकरांकडे वळले. “आपल्या अनयच्या अंतरंगात एका बाठ्याचं आगमन झालेलं आहे.”

“शक्यच नाही,” दिशा म्हणाली. “आमच्याकडे आंबा फोडी करून खातात. बाठा सरळ कचऱ्यात जातो. शेजारच्यांनी टाकला असणार. त्यांना आमचं चांगलं बघवत नाही.”

शेजाऱ्यांचा इतिहास पुढे बराच वेळ चालला असता, पण दर्शनाने संमतीचा कागद पुढे केला. आईची सही झाली, वडिलांची झाली. तिने सलाइनची बाटली उचलली, तोच डॉ. ठोसर म्हणाले, “आणि रुग्णाची?”

ही अंधेरीच्या परिषदेची दुसऱ्या दिवशीची देणगी होती. रुग्ण हा जर स्वतंत्र जीव आहे, तर त्याच्या शरीराबाबत त्याला विचारायला नको का? त्याला समजेल अशा भाषेत प्रश्न विचारायचा. शेपूट हलली की होकार. आजवर ह्यात कधी अडचण आली नव्हती. हातात बिस्कीट धरून विचारलं की मुलुंडमधल्या समस्त बोक्यांनी नाही, पण कुत्र्यांनी तरी ब्रह्मचर्यालासुद्धा शेपूट हलवून मान्यता दिली होती.

डॉ. ठोसर अनयपाशी वाकले. “अनय बाळा, आपण पोट उघडून बघू या हां? चालेल ना?”

शेपूट हलली नाही.

“अनू, हो म्हण ना रे,” दिशा रडवेली झाली. शेपूट हलली नाही. दर्शनाने ‘बिस्कीट’ म्हणून पाहिलं, ‘फिरायला’ म्हणून पाहिलं, ‘गाडी’ म्हणून पाहिलं. टेबलाच्या कडेवरून ती जाडजूड शेपूट तशीच लोंबत राहिली.

“आपण जबरदस्ती करू शकत नाही,” डॉ. ठोसर खिन्नपणे म्हणाले.

“सर, तो मरेल!”

“त्याच्या मताचा आदर राखला जाऊन.”

दर्शनाला तेव्हा खरोखर रडू येईल असं वाटलं. परळच्या कॉलेजात ह्याच माणसाचं एक व्याख्यान ऐकून तिने शस्त्रक्रिया निवडली होती. तिने अनयकडे पाहिलं, मग मनोरमावरून अजूनही नजर न काढलेल्या नितेशकडे पाहिलं, आणि तिला काहीतरी सुचलं. ती कुत्र्याच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “आंबा.”

शेपूट उचलली गेली आणि टेबलावर एकदाच आपटली. धप्प.

आवाज सगळ्यांनी ऐकला. दिशाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. जन्म आणि शिक्षण मुलुंडमध्ये झालेल्या नितेशच्या तोंडून एकदम त्याच्या आजोबांचं देवगड बाहेर पडलं. “अगो, मियाच दिलंय तेका! चोखूक दिलंय! माका काय म्हायत तो अख्खो गिळतलो म्हणान!”

“मला म्हणालास पेटी संपली!” दिशा ओरडली.

“संपलीच होती गं... शेवटचा होता.”

“शेवटचा होता आणि तू तो मला न देता त्याला दिलास?”

इथे दोन वेगळी प्रकरणं एकत्र होऊ लागली होती. दर्शनाने ‘संमती मिळाली, संमती मिळाली’ असा घोष करत सलाइन चालू केलं आणि रक्त तपासायला घेतलं. तिथे नवीनच भानगड निघाली. चैत्रातल्या त्या बेनाम आश्रितांनी जाताना ताप ठेवला होता आणि अनयचं रक्त पातळ झालं होतं. रक्त दिल्याशिवाय त्याला भूल देण्यात अर्थ नव्हता.

दवाखान्याच्या पायरीवर काळ्या नावाचा एक गल्लीतला कुत्रा राहत असे. मुलुंडमधल्या सर्व कुत्र्यांत सुखी. छप्पर पायरीच्या आत संपत असल्यामुळे नियम त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. त्याला सगळे बिनदिक्कत कुत्रा म्हणत आणि तोही कोणाकडून माफीची अपेक्षा ठेवत नसे. लसी झालेल्या, अंगाने दणकट. मावशींनी नुसतं ‘चल रे’ म्हटलं आणि तो त्यांच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत आला.

“थांबा!” डॉ. ठोसर म्हणाले. “आता हा छपराखाली येतोय. पूर्ण नाव?”

“काळ्या,” दर्शना म्हणाली.

“वडिलांचं?”

“सर, ते ह्या गल्लीत कोणालाच छातीठोक सांगता येणार नाही.”

डॉ. ठोसरांनी परिस्थिती ओळखून तातडीचे अधिकार वापरले आणि काळ्याचा श्री. कृष्णकांत मुलुंडकर झाला. दर्शनाने त्याच्या रक्ताचा थेंब अनयच्या रक्ताशी ताडून पाहिला. जुळत होतं. ती सुई उचलणार, एवढ्यात दिशाने तिचा हात धरला.

“ह्याचं? ह्याचं रक्त चढवणार आमच्या अनयला?”

“हो.”

“डॉक्टर, तसं काही नाही हां, आम्ही असलं काही मानत नाही. पण अनयच्या सहा पिढ्यांचे कागद आहेत आमच्याकडे. ह्याचं घराणं वगैरे काहीतरी... म्हणजे नंतर स्वभावात फरक पडला तर?”

पहिल्याच भेटीत साळव्यांचं मूळ गाव विचारणारी बाई रक्ताचं कूळही विचारणार, हे दर्शनाने धरून चालायला हवं होतं. पण टेबलावर कुत्रा मरत होता आणि तिची सहनशक्ती पाडव्यापासून वापरात होती.

“मॅडम, कुत्रा आहे तो!” ती ओरडली. “हा पण कुत्रा, तो पण कुत्रा! बाठा खाल्ला तेव्हा सहा पिढ्यांतलं कोणी आडवं आलं नाही! कुत्र्याला कुत्र्याचं रक्त जुळतंय, चढवू की नको? पटकन बोला!”

 मनोरमासुद्धा ट्यूबमागे सरकली. नितेश घोगऱ्या आवाजात म्हणाला, “चढवा.” दिशाने हात सोडला. डॉ. ठोसर चौकटीकडे बघत होते. “दर्शना, माफी,” ते पुटपुटले.

“सॉरी अनय. सॉरी काळ्या. आता सगळे बाहेर.”

दार बंद झालं आणि एक चमत्कार घडला. हातात मोजे चढले, अंगावर दिव्याचा उजेड पडला आणि अंधेरीची परिषद डॉ. ठोसरांच्या चेहऱ्यावरून पुसली गेली. “दिवा खाली. अजून खाली. कुत्र्याची जीभ बघ, रंग ठीक आहे? मावशी, ते दुसरं कुत्रं हलू देऊ नका!” मावशी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. काळ्याची मान त्यांच्या मांडीवर होती आणि तो त्यांचं कोपर चाटत होता. डॉ. ठोसरांची बोटं अशी चालत होती की दर्शनाला त्यांचे पाडव्यापासूनचे सगळे गुन्हे माफ करावेसे वाटले. ह्या माणसाला कुत्रा हा शब्द बोलता येत नव्हता, पण कुत्रा आतून बाहेरून पाठ होता. आतड्याला एक छोटी चीर, मागून हलका दाब, आणि बाठा चिमट्यात आला. चोखून चोखून पांढरा झालेला.

डॉ. ठोसरांनी तो दिव्यासमोर धरला. “हापूस,” ते म्हणाले. “कुत्र्याने मजा केली पण.”

अनय वाचला. टाके काढायच्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी आला आणि दारातच दर्शनाच्या तोंडावर जीभ फिरवून त्याने माफी स्वीकारल्याचं कळवलं. त्याच्या स्वभावात फरक पडलाच होता. तो आता घराबाहेर पडला की पायरीवर बसायला बघायचा, अशी दिशाची तक्रार होती, पण ती हसत हसत केलेली.

परुळेकरांनी मोठा केक आणला होता. दिशाने हौसेने त्यावर सगळ्यांची नावं घालून घेतली होती. डॉ. ठोसरांनी केक बरोबर चौकटीखाली ठेवला आणि घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. “अनय नितेश परुळेकर. डॉ. चंद्रप्रकाश ठोसर. डॉ. दर्शना साळवे. श्री. कृष्णकांत मुलुंडकर. वा! कु. मनोरमा चंद्रप्रकाश ठोसर. वा वा! मावशी.” त्यांचा आवाज भरून आला. “दिशाताई, छपराखालचा एकही जीव सुटला नाही हो. ह्याला म्हणतात सन्मान.”

टाळ्या झाल्या. दर्शनानेही वाजवल्या. मग तिचे हात मध्येच थांबले. ती केकवरचं शेवटचं नाव पुन्हा वाचत होती.

“सर,” ती हळू आवाजात म्हणाली, “मावशींचं नाव काय हो?”

“मावशी.”

“पूर्ण नाव?”

डॉ. ठोसरांनी केकवर पुन्हा एकदा नजर फिरवली. “अगं, असं काय विचारतेस? घरातलीच आहे ती.”

दर्शनाने दिशाकडे पाहिलं. दिशाने नितेशकडे पाहिलं. नितेशने सवयीने मनोरमाकडे पाहिलं. दर्शनाला स्वतःची लाज वाटली, कारण तीही इथे नवी नव्हती. मावशींच्या हातची सुकट तिला आवडायची, त्यांच्या सुनेला दिवस गेलेत हे तिला ठाऊक होतं, कोणता गुडघा दुखतो हेही ठाऊक होतं.

मावशी कोपऱ्यात खाली बसून अनयने सांडलेला केक पुसत होत्या. दर्शना त्यांच्याजवळ गेली. “मावशी, तुमचं नाव काय?”

मावशींचा हात थबकला. त्यांनी आधी दर्शनाकडे आणि मग मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं. “का ओ ताई? काय चुकलं का माझं?”

“नाही हो. असंच विचारलं.”

मावशी उठल्या. हात पदराला पुसले. आणि रेशनच्या ऑफिसात सांगतात तसं त्यांनी स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव एका दमात सांगून टाकलं. चांगलं भारदस्त नाव होतं.

ते इथे लिहिलेलं नाही, आणि लिहायचं विसरूनही राहिलेलं नाही. लॅब्रॅडॉरचं नाव तुम्ही वडिलांच्या नावासकट सांगू शकाल. पायरीवरच्या कुत्र्याचं सांगाल. पालीचंसुद्धा सांगाल. मावशी तर अगदी पहिल्या परिच्छेदापासून इथेच होत्या. खिळा त्यांनी ठोकला, चादरीचा कोपरा त्यांनी धरला, काळ्याला मांडीवर त्यांनी घेतलं, आणि एवढ्या वेळात त्यांचं नाव विचारावं असं तुम्हालाही वाटलं नाही.

असो. आता वाचता वाचता उठून स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना विचारायला मात्र जाऊ नका. इतक्या वर्षांनी एकदम नाव विचारलंत, तर त्यांना वाटेल, घरातलं काहीतरी हरवलंय.